रेडिंग : भाड्याच्या घरात काळी बुरशी, एजंट म्हणतो तुमच्या स्वयंपाकामुळे. काय करू?

वरणभात_रेडिंग

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही सव्वा वर्षापासून इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये भाड्याने राहतोय. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट, मुलगी साडेतीन वर्षांची. घर शंभर-सव्वाशे वर्षांचं, लाल विटांचं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. इकडे त्याला टेरेस म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं आम्हाला गच्ची मिळाली, पापड घालायला येते म्हणाली.

नोव्हेंबरात मुलीच्या खोलीत कुबट वास यायला लागला. आधी वाटलं गादी ओली झाली असेल. मग एका रविवारी कपाट पुढे ओढलं. मागची भिंत गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळी. ठिपके वगैरे नाहीत, सरळ तव्याच्या बुडासारखी. कपाटाच्या मागच्या प्लायवर हिरवट लव. तळाच्या कप्प्यात लग्नातली इरकल होती, पिशवीत गुंडाळलेली. तिच्या पदरावर पांढरे गोल गोल डाग. खरं सांगते, रडले ते भिंतीसाठी नाही.

एजंटला फोटो पाठवले. दहा दिवसांनी एक माणूस आला, चार मिनिटं उभा राहिला. स्वयंपाकघरात कुकर बघितला आणि विचारलं, दिवसातून किती वेळा अन्न उकळता? मी म्हटलं, सगळं जग उकळतं तितक्या वेळा. नंतर ईमेल आली की हा तुमच्या राहणीचा प्रश्न आहे, घरमालकाची काही जबाबदारी नाही, भिंत ब्लीचने पुसा, खिडक्या उघड्या ठेवा, कपडे घरात वाळवू नका. बाहेर दोन डिग्री! परवा मागच्या अंगणात दोरीवर टॉवेल घातले ते संध्याकाळी पापडासारखे कडक होऊन आले. (आईचे पापड शेवटी असे झाले.)

दोनदा पुसून झालं. तीन आठवड्यांत परत. मुलीला रात्री खोकला असतो, डॉक्टर म्हणतात व्हायरल.

विचारायचं असं : खरंच आमच्या फोडणी-भातामुळे होतंय का हे? भाडं थांबवलं तर चालतं का? वर्षाचा करार संपलाय, आता महिन्या-महिन्यावर चालू आहे, तक्रार केली म्हणून बाहेर काढतील का? आणि नवऱ्याला भीती आहे की कौन्सिलकडे (म्हणजे इथली नगरपालिका) गेलो तर व्हिसाला काही होईल. कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

---

पंचगंगा_ते_बर्मिंगहॅम

ताई, मी इमारतींच्या तपासणीचंच काम करतो, कोल्हापूरचा आहे, एकवीस वर्षं इथं आहे. फोटो न बघता निदान करू नये, पण तुमच्या लिहिण्यात बरंच दिसतंय.

आधी भिंत समजून घ्या. तुमच्या वयाच्या घरांची बाहेरची भिंत बहुतेक वेळा नऊ इंची, भरीव. मधे पोकळी नाही, इन्सुलेशन नाही. बाहेर दोन डिग्री असेल तर आतून भिंतीला हात लावा, थंडगार लागेल. त्यात तिला कपाट चिकटवलं की खोलीची ऊब तिथपर्यंत पोचतच नाही. खोलीत २० डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर साडेचौदाच्या आसपासच्या पृष्ठभागावर दव पडतं. पण बुरशीला दव लागतच नाही! भिंतीलगतच्या हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता बराच काळ टिकली की ती उगवते. वरच्याच हवेत हे व्हायला भिंत १८ डिग्रीच्या खाली गेली की पुरे. म्हणून हाताला कोरडी लागणारी भिंतसुद्धा काळी होते, आणि म्हणून ब्लीचने पुसून काही होत नाही. भिंत तीच, हवा तीच.

आता तुमचा वाटा. आहे, नाही असं नाही. एक मशीनभर कपडे खोलीत वाळवले तर दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. पण माणसं घरात राहणार, जेवणार, अंघोळ करणार, धुणार. ही वाफ बाहेर काढायची सोय घरात असायला हवी आणि ती मालकाने द्यायची. तो चार मिनिटांचा माणूस बाथरूममधला फॅन बघायला गेला का? मला शंका आहे.

तुम्ही बघा. फॅन चालू करा, टिश्यूचा एक पदर त्याच्या जाळीला लावा. धरून ठेवला तर ठीक, खाली पडला तर तो फक्त आवाज करतोय. नियमानं बाथरूमच्या फॅननं सेकंदाला १५ लिटर हवा ओढायची, स्वयंपाकघरात शेगडीवर ३० आणि इतरत्र बसवला असेल तर ६०. बरेच फॅन हवा ओढतात आणि माळ्यावर सोडतात, कारण पाईप निसटलेला असतो. माळ्याचं झाकण उघडून टॉर्च मारा.

दुसरं, पाऊस पडून गेल्यावर बाहेर जाऊन त्या भिंतीकडे वर बघा. पन्हळीच्या जोडाखाली हिरवट ओघळ दिसतोय का? दिसला तर गोष्ट स्वयंपाकाची उरतच नाही. पावसानंतर डाग वाढत असेल तर पाणी बाहेरून येतंय. जमिनीपासून साधारण मीटरभर, वर मिठाची पांढरी रेघ, असं असेल तर खालून चढणारी ओल. कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, कपाटामागे असेल तर दव. तुमच्याकडे दोन कारणं एकत्र असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

दहा पौंडाचं आर्द्रतामापक घ्या. सकाळी सात, रात्री दहा, आकडा वहीत, शेजारी हीटिंग किती तास चालू होतं ते. आकड्याशी एजंटला भांडता येत नाही.

आणि कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, शक्य तर आतल्या भिंतीला. साडी कोरड्या मऊ ब्रशनं बाहेर उघड्यावर झटका, घरात नको. तोंडाला मास्क.

---

देवरूखकर

पंचगंगासाहेब, आमच्याकडे पावसाळ्यात खिडकी उघडली तर ओल आत येते हो. जुलैत चामड्याची चप्पल खुंटीला लावली की गोकुळाष्टमीला तिला दाढी येते. आमची आजी पावसाळ्यात धुणं चुलीवरच्या दांडीवर टाकायची आणि सगळ्या घराच्या कपड्यांना धुराचा वास. शाळेत मास्तर वासावरून वाडी ओळखायचे.

मग हे इंग्लंडात खिडकी उघडा म्हणतात ते बरोबर की चूक? लेकाकडे मँचेस्टरला आलो होतो तेव्हा तो सकाळी खिडकी उघडायचा आणि मी मागून जाऊन बंद करायचो. बाहेर धुकं नि रिपरिप, ते आत कशाला घ्यायचं?

---

पंचगंगा_ते_बर्मिंगहॅम

काका, हा प्रश्न लाखाचा. तुमच्याकडची सवय तुमच्याकडे बरोबर. कोकणात जुलैत बाहेरची हवा गरम आणि पाण्यानं भरलेली, आत घेतली की थंड फरशीवर, चपलेवर बसते. इथं जानेवारीत २ डिग्रीची हवा ९० टक्के ओली असली तरी तिच्यात घनमीटरला पाणी असतं फक्त ५ ग्रॅम. घरातल्या २० डिग्री, ७० टक्के हवेत असतं १२ ग्रॅम. म्हणजे ती धुक्याची हवा आत घेऊन तापवली की कोरडी होते. लेक बरोबर होता.

पण खिडकी दिवसभर उघडी ठेवून उपयोग नाही, भिंती गार पडतात. अंघोळीनंतर, स्वयंपाकानंतर दहा मिनिटं समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, बास. खिडकीच्या चौकटीवर छोटी उघडझाप करणारी फट असते, ती बहुतेक आपल्या लोकांनी थंडी लागते म्हणून सेलोटेपनं बंद केलेली असते. ताई, तुमची बघा.

---

बरीची_माई

हो ग, बघ आधी. आम्हीही लावली होती सेलोटेप.

मी मँचेस्टरच्या उत्तरेला राहते, रॉचडेलपासून बसने जवळच. त्यामुळे या विषयावर माझं डोकं जरा लवकर तापतं. २०२० च्या डिसेंबरात तिथे अवाब इशाक नावाचा मुलगा गेला. दोन वर्षांचा. सुदानहून आलेल्या आईबापांचा. हाउसिंग असोसिएशनचं, म्हणजे स्वस्त भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेचं घर, भिंतींवर बुरशी, बापाने तक्रार केली तर सांगितलं रंग मारा. २०२२ च्या नोव्हेंबरात कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूचं कारण म्हणून ती बुरशीच ठरवली. आणि त्या संस्थेला कबूल करावं लागलं की आम्ही त्यांच्या राहणीबद्दल आमच्या मनानेच गृहीत धरलं होतं. अगदी त्यांच्या अंघोळीच्या पद्धतीबद्दलसुद्धा! बादलीने अंघोळ करणारे आपण सगळे इथे आहोत, म्हणून मुद्दाम सांगतेय. तुझ्याकडे येऊन कुकर मोजणारा माणूस त्याच शाळेतला.

त्या पोराच्या नावाने कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झालाय, पण सध्या फक्त कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या घरांना. त्यांनी मोठ्या धोक्याची ओल १० कामाच्या दिवसांत तपासायची आणि तपासल्यावर ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं. जिवावरचं असेल तर २४ तासांत. तुझ्यासारख्या खासगी भाडेकरूंनाही तो मिळायचाय, पण अजून लागू नाही. त्यामुळे पत्रात तो कायदा ठोकू नकोस, एजंट हसेल.

तुझं हत्यार दुसरं. घर राहण्यायोग्य असलं पाहिजे हा २०१८ चा कायदा. जुन्या कायद्यात मोडतोड दाखवावी लागायची. १९८५ च्या एका खटल्यात कोर्टाने सांगितलं होतं की भिंतीला काही मोडलेलंच नसेल तर नुसतं दव म्हणजे नादुरुस्ती नव्हे, आणि मालक तीस वर्षं त्यावर जगले. २०१८ च्या कायद्याने ती पळवाट बुजवली. आता प्रश्न एवढाच की ओलीमुळे घर राहायला अयोग्य झालंय का. २० मार्च २०२० पासून इंग्लंडमधल्या चालू भाडेकरूंनाही तो लागू आहे. शिवाय सप्टेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की ओल आणि बुरशी हा राहणीचा परिणाम नाही, भाडेकरूला दोष देऊ नये. ते वाक्य उतरवून ईमेलमध्ये घाल.

भाडं थांबवू नकोस. अजिबात नाही. माझ्या ओळखीच्या बाईने थांबवलं, मग केस ओलीची राहिली नाही, थकबाकीची झाली. तुझी बाजू शंभर टक्के खरी असली तरी न्यायाधीशासमोर आधी थकलेला आकडा येतो.

काढतील का? ३० एप्रिल २०२६ पर्यंत कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देण्याची सोय, ते कलम २१. १ मे २०२६ पासून ते खासगी घरांना बंद. तोपर्यंतचं संरक्षण असं : आधी लेखी तक्रार तुझी हवी, १४ दिवसांत त्यांनी धड उत्तर दिलं नाही तर कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे जायचं, आणि कौन्सिलने मालकाला सुधारणेची नोटीस काढली की सहा महिने कलम २१ वापरता येत नाही. म्हणून फोनवर बोलणं बंद. जे काय ते ईमेलवर. फोन आलाच तर नंतर लगेच दोन ओळी पाठवायच्या, आज आपलं असं बोलणं झालं म्हणून.

आणि व्हिसा. ही भीती मी इतक्या लोकांकडून ऐकलीय की आता राग येतो, तुझा नाही, ही भीती पसरवणाऱ्यांचा. तुमच्या व्हिसावर सार्वजनिक निधी नाही असं छापलेलं असतं, बरोबर? तो निधी म्हणजे सरकारी भत्ते, कौन्सिलचं घर वगैरे. कौन्सिलच्या इन्स्पेक्टरला खासगी घर तपासायला बोलावणं यात मोडत नाही. कचरा उचलला नाही म्हणून तक्रार करतेस ना, तसंच.

पत्र मोठं लिहू नकोस. कधी पहिल्यांदा कळवलं, कोण आलं, किती वेळ थांबलं, किती वेळा पुसलं, परत कधी आली, मूल किती वर्षांचं, खोकला कधीपासून. डॉक्टरांना विचार की घरात बुरशी आहे हे फाईलमध्ये नोंदवता का. चिडचिड शब्दांत दिसू देऊ नकोस, तारखांतून दिसू दे. नवऱ्याला लिहू देऊ नकोस. आपले नवरे सुरुवातच माफी मागून करतात.

---

वरणभात_रेडिंग

माई, माझ्या नवऱ्याचा ड्राफ्ट "तुम्हाला त्रास दिल्याबद्दल क्षमस्व" ने सुरू होत होता. तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का?

सहा दिवसांचा हिशेब देते.

टिश्यू पडला. तीनदा लावला, तीनदा पडला. फॅन मात्र विमानासारखा आवाज करतो, आम्ही सव्वा वर्ष समजत होतो की जबरदस्त काम चाललंय. नवऱ्याने शेजाऱ्याची शिडी आणून माळ्यात डोकं घातलं. चंदेरी पाईप फॅनपासून निघून बाजूला आडवा पडलेला, आणि तोंडाशी इन्सुलेशनची गादी भिजून गोळा झालेली. मुलीच्या खोलीच्या कोपऱ्याच्या बरोब्बर वर. तिथे गादी चार विटा रुंद जागेत नाहीच, नुसती फळी. व्हिडिओ काढला, त्यात मागे त्याची शिंक आणि एक शिवी पण आली आहे, ती कापून पाठवावी का यावर अर्धा तास वाद झाला. ठेवली. मराठीत आहे.

शनिवारी जोरात पाऊस झाला. छत्री घेऊन बाहेर उभी राहिले. पन्हळीच्या जोडातून धार नाही, थेंब. टप, टप, एकाच विटेवर. ती वीट शेवाळाने शेजारच्या विटांपेक्षा गडद. आत त्याच उंचीवर कपाट. इतके महिने मी त्या भिंतीच्या आतल्या बाजूला ब्लीच घेऊन बसले होते.

आकडे : त्या खोलीत सकाळी ७८, ८१, ७६, ७९. बैठकीच्या खोलीत ६२ च्या आसपास. कुकर बैठकीला लागून आहे, मुलीच्या खोलीला नाही, हे मी ईमेलमध्ये लिहिलंय. थोडा आनंद झाला लिहिताना.

आणि हो, खिडकीच्या फटीवर सेलोटेप निघाली. आमची नाही, आधीच्या भाडेकरूची, तीसुद्धा ब्राऊन टेप. पण आम्ही काढली नव्हती, हेही लिहिलं. पंचगंगादादा, तुमचा तो "तुमचा वाटा" डोक्यात होता. कपडे आता बाथरूममध्ये दार लावून वाळवते, उसना डीह्युमिडिफायर लावून. रात्रभरात त्याची दोन लिटरची टाकी भरते. सकाळी ते पाणी ओतताना दरवेळी वाटतं, हे सगळं आपण श्वासात घेत होतो. २०० वॅटचा आहे, आठ तासांचे पंचेचाळीस-एक पेन्स पडतात. त्याची पावती पण जोडू का?

---

बरीची_माई

पावती नाही, पण मीटरचे फोटो ठेव. पुढे कोर्टात गेलंच तर भरपाईत मागता येतं. घर सोडायची वेळ आली तर डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायला बघतील, तेव्हा हीच ईमेल कामाला येईल. डिपॉझिट कुठल्या योजनेत ठेवलंय त्याचा कागद शोधून ठेव. भांडण तिथे फुकट सुटतं, आणि नुकसान तू केलंस हे सिद्ध मालकाने करायचं असतं, तू नाही.

शिवी ठेवलीस ते छान.

---

लीथचा_पाहुणा

एक दुरुस्ती, कारण हा धागा शोधून वाचणारे पुढेही येतील. माईंनी सांगितलेलं २०१८, कलम २१ वगैरे सगळं इंग्लंडचं. आम्ही एडिंबरात. स्कॉटलंडमध्ये दुरुस्तीचे नियम वेगळे, आणि मालक ऐकत नसेल तर कौन्सिल सोडून घरांच्या न्यायाधिकरणाकडे थेट जाता येतं. इथे डिसेंबर २०१७ पासूनच्या नव्या खासगी करारांत कारण न देता काढता येतच नाही. वेल्सचाही कायदा निराळा, डिसेंबर २०२२ पासून. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करताना कुठल्या देशाचं आहे ते बघा.

बाकी बुरशी सगळीकडे सारखीच काळी. आमचं घर दगडी आहे. साहेब, दगडाला पण हेच गणित का?

---

पंचगंगा_ते_बर्मिंगहॅम

दगड जाड असतो पण ऊब धरून ठेवण्यात विटेपेक्षा फार हुशार नाही. गणित तेच. फक्त त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग मारला असेल तर वेगळा धागा काढा, तो विषय मला चार पानं देईल.

वरणभातताई, एजंट आला की फॅन बदलून देतो म्हणेल. नुसता फॅन नको. पाईप बाहेरच्या भिंतीपर्यंत किंवा छपरातून बाहेर, माळ्यावर गादी पूर्ण, आणि पन्हळीचा जोड. तिन्ही. भिंत सुकायला काही आठवडे लागतील, त्याआधी कुणी रंगारी पाठवला तर परत पाठवा. बुरशीविरोधी रंग त्यांना फार आवडतो, स्वस्त असतो.

---

वरणभात_रेडिंग

ईमेल पाठवली त्याला आज नववा दिवस. सकाळी उत्तर आलं. चार ओळी, राहणीचा र नाही. गुरुवारी पन्हळीवाला येतोय आणि "वायुविजनाची पाहणी" करायला कुणीतरी वेगळा माणूस. चौदा दिवस पूर्ण व्हायच्या आत. कौन्सिलचा फॉर्म भरून ठेवलाय, पाठवला नाहीये. गुरुवारी रात्री ठरवू.

मुलगी आमच्या खोलीत झोपते. तिच्या खोलीत कपाट मधोमध उभं आहे, ती त्याच्याभोवती गोल गोल पळते. इरकल लंडनच्या एका ड्रायक्लीनरला दाखवली, तो म्हणाला काठ जाईल. आई म्हणते पाठवून दे, इथे इचलकरंजीला कुणीतरी करून देईल. कुणाला खात्रीचा माणूस माहीत असेल तर कळवा.